शेनिनच्या माहेरी जायचं म्हणजे

द्राक्षबागायतदाराच्या वर्षात मोकळा महिना शोधून दाखवा. एप्रिलात नव्या काड्यांसाठी खरड छाटणी. मग सबकेन, म्हणजे उपकाड्या काढणं, शेंडे मारणं, काडी पिकेपर्यंत अख्खा पावसाळा डावणी आणि भुरी या बुरशीरोगांच्या मागे पंप घेऊन पळणं. सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी, आणि जानेवारी ते मार्च तोडणी. आमच्या शेनिनसारख्या वाइनच्या द्राक्षाला खायच्या द्राक्षाइतके लाड लागत नाहीत. मणी फुगवायला जीए या संजीवकात घड बुडवणं नाही, मणी विरळायला बायकांची टोळी नाही. पण बाग सोडून जाता येत नाही ते नाहीच.

आता याच्यावर दुसऱ्या देशाचं वेळापत्रक ठेवून बघा. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, चिली इथली वाइनची तोडणी फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे बरोबर आमच्या तोडणीत. फ्रान्स, इटली, जॉर्जियाची सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे आमच्या फळछाटणीत. मे-जूनमध्ये आम्हाला जरा श्वास घेता येतो, तेव्हा तिकडे वेलीला मोहरीएवढे मणी. सहल ठरवायला बसले तेव्हा मी विमानाचं तिकीट बघायच्या आधी एका कागदावर बारा महिने लिहिले, वर आमची कामं, खाली त्यांची. वाइनचा दौरा आखणाऱ्या कुणालाही मी हेच आधी करायला सांगेन, शेती असो वा नसो. देश ठरतो तो द्राक्षाच्या महिन्यावरून.

आमचं गाव दिंडोरी तालुक्यात. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, थॉमसन या खायच्या द्राक्षाची काही बाग काढून शेनिन ब्लां ही वाइनची जात लावली ती एका वायनरीच्या करारावर. मी लग्नानंतर नाशकात गंगापूर रोडला राहते, पण बागेचा हिशेब आणि सगळे कागद माझ्याकडे. जायचं ते आप्पा, मी, माझे यजमान, दीर आणि तात्या. तात्या आमच्या बांधाला बांध लागून असलेले बागायतदार. थॉमसन जास्त, शेनिन दोन एकर. गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी त्र्यंबकेश्वराहून संत निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर पायी पंढरपूर. दारूला आयुष्यात स्पर्श नाही. ते म्हणाले, "मी पिणार नाही, पण बाग बघायला येतो. आपल्या वेलीचं मूळ गाव तरी बघू."

मूळ गावाच्या या गोष्टीने देश पक्का झाला. नाशकात सुला वायनरीच्या राजीव सामंतांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी ज्या वाइनच्या जाती लावल्या त्यांत सॉव्हिन्यॉ ब्लां आणि शेनिन ब्लां पुढे होत्या. २००० साली सुलाची पहिली वाइन बाजारात आली, २००१ मध्ये राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आलं, आणि आमच्यासारख्या शेतकऱ्यांपर्यंत करार पोचले. या दोन्ही जाती फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यात शेकडो वर्षं पिकतात. शेनिन तर तिथलीच लेक. दिली आफ्रिकेत, दिली नाशकात, माहेर मात्र लुआरचंच. बोर्दो आणि शॅम्पेन ही मोठी नावं, यजमानांना तीच हवी होती. मी म्हटलं, तिथे जाऊन आपण पाहुणे होऊ. लुआरला निदान बोलायला विषय असेल.

ट्रॅव्हलवाल्यांकडेही चौकशी केली. एकाने 'युरोप वाइन स्पेशल' म्हणून जे कागद हातात दिले त्यात पॅरिस, स्वित्झर्लंडचं बर्फ, चॉकलेटचा कारखाना आणि एका दुपारी "व्हिनयार्ड व्हिजिट, पंचेचाळीस मिनिटं" असं होतं. आप्पांनी कागद घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवला आणि पुन्हा काढला नाही.

लुआर ही फ्रान्सची सगळ्यात लांब नदी, हजार किलोमीटरच्या आसपास. तिच्या काठाने वाइनचे मुलूख एकामागून एक लागतात. वरच्या अंगाला सांसेर आणि पुयी-फ्युमे, तिथे सॉव्हिन्यॉ. मग तूर शहराभोवती वूव्रे, तिथे शेनिन. शिनों आणि बूर्गय, तिथे लाल वाइनसाठी कॅबरने फ्रां. खाली सोमूर आणि आंजे, पुन्हा शेनिन. शेवटी समुद्राजवळ नांत, तिथली मुस्काडे. नकाशावर बोट फिरवत नेलं तर सगळं करावंसं वाटतं. मी नांत पहिल्या फटक्यात कापलं. राजवाडेही कापले, एक सोडून. या खोऱ्याचा मोठा भाग २००० साली युनेस्कोच्या यादीत गेलाय आणि लोक तिथे राजवाड्यांसाठीच जातात, त्यामुळे घरात थोडी नाराजी झाली. पण एका दिवसात दोन वायनऱ्या, फार तर तीन, यापेक्षा जास्त केल्या तर संध्याकाळी कोण काय बोललं ते आठवत नाही. हे मला नाशकातच कळलेलं आहे. पुण्या-मुंबईचे पाहुणे सकाळी सुला, मग यॉर्क, मग सोमा, मग चांदोनसाठी दिंडोरी असं एका दिवसात ठोकतात आणि घरी जाऊन सगळ्या फोटोंखाली एकच वाक्य लिहितात.

क्रम लावताना पुन्हा द्राक्षच कामाला आलं. सॉव्हिन्यॉ लवकर पिकते, शेनिन उशिरा. म्हणून आधी सांसेर, मग नदीबरोबर पश्चिमेला उतरत वूव्रे आणि सोमूर. उलट दिशेने गेलो असतो तर शेनिन अजून आंबट आणि सांसेरला बागा रिकाम्या, असं झालं असतं.

तारखा मात्र पंचांगाने दिल्या. अनंत चतुर्दशीआधी आप्पा घर सोडणार नाहीत. पितृपक्षात तात्यांच्या वडिलांची तिथी, ती झाल्याशिवाय तात्या हलणार नाहीत. घटस्थापनेला सगळे घरी हवेत. मधे जी फट उरली ती सप्टेंबरच्या उत्तरार्धात, आणि नशिबाने लुआरची तोडणीही तेव्हाच असते. फळछाटणी आम्ही पुढे ढकलली. परतीचा पाऊस हल्ली इतका लांबतो की लवकर छाटून कोवळ्या फुटीवर डावणी ओढवून घेण्यापेक्षा थोडं थांबलेलं बरंच, असं आप्पांचं म्हणणं. सोयीचं म्हणणं होतं, पण चुकीचं नव्हतं.

तोडणीच्या दिवसांत जाण्याचा तोटाही आहे. माझ्या बागेत तोडणी चालू आहे, क्रेट भरतायत, वायनरीची गाडी दारात उभी आहे, ऊन चढायच्या आत माल पोचवायचाय, आणि त्या वेळी परदेशी पाहुणा येऊन म्हणाला, "जरा बाग दाखवा," तर मी त्याला किती वेळ देईन? फ्रान्समध्ये तर छोट्या वायनरीत पिकवणारा, वाइन करणारा आणि विकणारा एकच माणूस असतो. तोडणीत अनेकजण पाहुणे घेतच नाहीत. मोठी घरं घेतात, त्यांचा वेगळा कर्मचारीवर्ग असतो. सोमूरला अशी जुनी घरं आहेत. आकेरमान हे १८११ पासूनचं, बुव्हे-लादुबे १८५१ पासूनचं. त्यांच्या संकेतस्थळांवर वेळ निवडली की झालं. छोट्यांना पत्रच लिहावं लागतं.

यजमानांनी आधी एक पत्र तयार केलं. आम्ही भारतातून येत आहोत, तुमच्या वाइनची कीर्ती ऐकली आहे, वगैरे. ते काही ठिकाणी पाठवलं, उत्तर कुठून आलं नाही. मग मी आप्पांना विचारलं की तुम्हाला कुणी असं काय लिहिलं तर तुम्ही उत्तर द्याल. आप्पांनी जे सांगितलं ते मी जवळजवळ तसंच लिहिलं आणि मोबाइलवर फ्रेंच करून घेतलं. "आम्ही नाशिक जिल्ह्यात शेनिन पिकवतो. आमच्याकडे वेल झोपत नाही. वर्षात दोनदा छाटतो आणि पीक एकदा घेतो. तुमच्या कामात अडचण न करता तासभर बाग बघता येईल का? दुपारच्या जेवणानंतर चालेल, पहाटेही चालेल. पाचजण आहोत, चौघे चव घेतील, एकजण घेणार नाही, पण प्रश्न तोच विचारेल." सोबत एक फोटो जोडला. इंग्रजी वाय आकाराच्या वेलीच्या मांडवाखाली तात्या, डोक्यावर गांधी टोपी, एका हातात कात्री, दुसऱ्या हातात शेनिनचा घड.

उत्तरं यायला लागली. एकीने विचारलं, वेल झोपत नाही म्हणजे नक्की काय? एकाने एप्रिलच्या छाटणीचा व्हिडिओ मागितला. वूव्रेजवळच्या एका शेतकऱ्याने फक्त एवढंच लिहिलं की मंगळवारी तीन वाजता या, बूट चिखलाचे घाला. दोघांनी तोडणीमुळे सपशेल नाही म्हटलं, त्यांचाही मला राग आला नाही.

व्हिसाचं प्रकरण यापेक्षा कोरडं, पण शेतकरी कुटुंबाने आधीपासून हातात घ्यावं असं. फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. फ्रान्सच्या संकेतस्थळावर फॉर्म भरायचा आणि बोटांचे ठसे द्यायला मुंबईला केंद्रावर जायचं. मोठ्या माणसाची फी ९० युरो, आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. इथपर्यंत सगळ्यांचं सारखंच. पुढे गाडी अडते ती उत्पन्नाच्या पुराव्यावर. नोकरदार माणूस पगाराच्या चिठ्ठ्या लावतो. शेतकऱ्याने काय लावायचं? शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून अनेकजण विवरणपत्र भरतच नाहीत. तात्यांचं थॉमसनचं पेमेंट व्यापाऱ्याकडून, कधी रोख, कधी चेक, आणि एका वर्षी तर व्यापारीच पैसे बुडवून गायब झालेला. बँकेचं पासबुक बघून कुणालाही वाटेल की या माणसाला पंढरपूरचं तिकीटही परवडणार नाही.

आमच्या सीएंनी मार्ग सांगितला. विवरणपत्रात शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून दाखवता येतं, ते दाखवा. सातबारा आणि आठ-अ यांचं इंग्रजी भाषांतर करून नोटरी करा. वायनरीचा खरेदी करार लावा, कारण त्यात साखरेच्या प्रमाणानुसार दर लिहिलेले असतात आणि पैसे थेट खात्यात आलेले दिसतात. सातबाऱ्यावरची 'पोटखराब', म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, इंग्रजीत नेताना भाषांतरकाराने डोकं धरलं. शिवाय एक साधं पत्र, कुठे जाणार, कुणाला भेटणार, परत का येणार. परत का येणार याचं उत्तर आमच्याकडे भक्कम होतं, ऑक्टोबरची छाटणी. मी ते तसंच लिहिलं आणि छाटणी उशिरा झाली तर काय होतं तेही दोन ओळींत लिहिलं. वूव्रेच्या शेतकऱ्याचं चिखलाच्या बुटांचं पत्रही जोडलं.

ठसे द्यायची तारीख मात्र जमेना. जूनमध्ये सगळ्या तारखा भरलेल्या, आणि ज्या मिळत होत्या त्या पालखीच्या वाटेत. तात्या म्हणाले, "व्हिसा नाही मिळाला तर नाही मिळाला, वारी चुकणार नाही." शेवटी आषाढी झाल्यावरची तारीख धरली. तात्या पंढरपूरहून आले ते उन्हाने काळवंडून. मुंबईच्या केंद्रावर फोटो काढणारी मुलगी पासपोर्टवरचा फोटो आणि समोरचा माणूस यांच्याकडे आळीपाळीने बघत राहिली. गर्दीच्या मोसमात ज्यांना जमेल त्यांनी एप्रिल-मेमध्येच हे उरकावं.

तात्या वारीत होते तेव्हा आम्ही इकडे रंगीत तालीम केली. आप्पा इतकी वर्षं शेनिन पिकवतात, पण टेस्टिंग रूममध्ये ग्राहक म्हणून कधी बसले नव्हते. माल घेऊन वायनरीच्या मागच्या दाराला जायचे, वजनकाटा, ब्रिक्स म्हणजे साखरेचं माप, पावती, परत. पावसाळ्यात सुट्टी नसलेल्या एका दिवशी गंगापूर रोडने गेलो. धरण भरत आलेलं, गर्दी नाही. सुट्टीच्या दिवशी जाऊ नये, आणि जाण्याआधी ड्राय डे बघून ठेवावा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी, अनंत चतुर्दशी. प्रजासत्ताक दिन ऐन तोडणीच्या मोसमात येतो, आणि दरवर्षी लांबचे लोक जोडून रजा काढून येतात अन् कोरडे परत जातात.

शिकवणाऱ्या मुलाने आप्पांना ग्लास दांडीला धरायला लावला. घोळवा, वास घ्या, छोटा घोट, तोंडात फिरवा. आप्पांनी सगळं केलं आणि गिळलं. मी म्हटलं, "आप्पा, तिकडे दिवसातून दहा-बारा चवी होतील, सगळं गिळलं तर चार वाजता गाडीत झोपाल. थुंकायचं." ते मोठं अवघड निघालं. समोर बादली ठेवलेली, चारचौघांत, काचेच्या खोलीत, इस्त्रीच्या सदऱ्यात थुंकायचं कसं? दिराने दाखवलं, त्याचं शर्टावर आलं. शेवटी आप्पा म्हणाले, "ही बादली घरी पाठव, मी गोठ्यात सराव करतो." पण त्याआधी त्यांनी शेनिनचा ग्लास पुन्हा जवळ ओढला होता. एक घोट घेतला, गिळला, आणि त्या मुलाला विचारलं, "ही फेब्रुवारीच्या कितव्या आठवड्यातली तोड आहे?" त्याला सांगता आलं नाही. आप्पांच्या मते उशिराची होती, आंबटपणा उतरलेला. आमच्याकडे फेब्रुवारी सरता सरता ऊन तापलं की दोन-तीन दिवसांत साखर चढते आणि आम्ल पडतं. ते त्यांना जिभेवर कळलं, आयुष्यात पहिल्यांदा.

गाडी दिराने चालवायची ठरली. पेठ रोडच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला, ते काम सुरळीत झालं. फ्रान्समध्ये रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला अर्धा ग्रॅम आहे. आपल्याकडची त्याहून कडक, १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम. मी दिराला सांगितलं, आपण आपलीच मर्यादा पाळायची, म्हणजे तू थुंकणार, प्रत्येक वेळी. चालवायला तात्या सगळ्यात योग्य होते, पण त्यांनी आयुष्यात ट्रॅक्टर आणि जीप सोडून काही हातात धरलेलं नाही, आणि रस्त्याच्या उजव्या बाजूने जायचं म्हटल्यावर त्यांनी दोन्ही हात जोडले. सांसेर ते तूर एवढाच लांबचा पल्ला होता, दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर. तूर, सोमूर आणि आंजे यांच्यामध्ये लोकल गाड्याही आहेत, त्यामुळे ज्यांच्याकडे चालवणारा नाही त्यांचंही अडत नाही.

दिवसाची आखणी करताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागली. दुपारी बारा ते दोन तिकडे सगळं बंद. रविवारी तर बहुतेक छोटी दारं उघडतच नाहीत. म्हणून सकाळी दहाला एक भेट, तीनला दुसरी, आणि मधला वेळ जेवणाचा. जेवण हा तात्यांसाठी खरा प्रश्न होता. सांसेरच्या शेजारच्या शाव्हिन्योल गावचं बकरीचं चीज जगभर नावाजलेलं, पण पारंपरिक चीज विरजायला जनावराच्या पोटातलं रेनेट वापरतात. हे मी आधीच शोधून ठेवलं होतं, म्हणून त्यांच्या पानात ते येऊ दिलं नाही. सोमूरच्या बाजूला मात्र एक पदार्थ सापडला, फुए. कणकेचे छोटे गोळे लाकडाच्या भट्टीत टाकतात, ते टम्म फुगतात, आणि आत पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांची उसळ भरून खायची. मांसाचं सारणही असतं, ते वेगळं ठेवायला सांगितलं. तात्यांनी पिशवीतून मिरचीचा ठेचा काढला आणि त्या फुएत घातला. वाढणारी बाई बघत होती, तिलाही दिला. तिने पाणी मागितलं.

वूव्रेला मंगळवारी तीनला पोचलो. तो शेतकरी दारातच उभा होता, हात द्राक्षाच्या रसाने चिकट, नखांत काळं. त्याने आमच्यापैकी कुणाशी बोलायच्या आधी तात्यांची टोपी ओळखली आणि मोबाइलमधला फोटो उघडून दाखवला. तिथे टेकडी पोखरून केलेली तळघरं आहेत. हा दगड मऊ, पांढरट, तुफो म्हणतात. शेकडो वर्षांपूर्वी राजवाडे बांधायला काढला, आणि जी पोकळी उरली तिच्यात आता वाइन मुरते. आत बाराही महिने गारवा, बारा अंशांच्या आसपास. एकाच शेनिनची त्याने चार रूपं पुढे ठेवली. कोरडी, किंचित गोड, पूर्ण गोड, आणि बुडबुड्यांची. आप्पांनी पहिली घेतली आणि डोळे मिटले. आमच्यापेक्षा आंबट, खूपच आंबट, पण त्या आंबटपणाला कणा होता. थुंकायचं ते विसरले. मी काही बोलले नाही.

तात्यांनी ग्लास घेतला, नुसता हुंगला, आणि माझ्याकडे दिला. मग भिंतीवर नख ओढलं, पांढरी पूड निघाली ती बोटांत चोळली. विचारलं, "पाणी कसं देता? ड्रिप कुठे दिसत नाही."

मी विचारून सांगितलं की देत नाहीत. त्यांच्या वाइनला जे प्रादेशिक मानांकन आहे, वूव्रेला ते १९३६ पासून आहे, त्याच्या नियमांत पाणी देण्यावर कडक बंधनं आहेत. किती उत्पन्न काढायचं याचीही वरची मर्यादा ठरलेली.

"मग वेल जगते कशी?"

शेतकऱ्याने भिंतीकडेच बोट दाखवलं. तो दगड पाणी धरून ठेवतो, मुळं त्याच्यात उतरतात. शिवाय तिकडचा पाऊस बारा महिन्यांत वाटून पडतो. तात्या बराच वेळ भिंतीला हात लावून उभे होते. मग म्हणाले, "आमच्याकडे खाली काळा पाषाण. पाणी धरायचं ते शेततळ्यात, प्लास्टिक टाकून." ते भाषांतर करताना माझी पंचाईत झाली, कारण त्या माणसाला शेततळ्याचं प्लास्टिक कशाला ते कळेना. मोबाइलवर फोटो दाखवला तेव्हा तो म्हणाला की याच्यात पोहता येत असेल. तात्यांना हसू आवरेना.

नाशिक व्हॅली वाइनलाही भौगोलिक मानांकन आहे. पण आमचं मानांकन म्हणजे बाटलीवरचं नाव, आणि वूव्रेचं म्हणजे बागेत शिरणारा नियम, हे मला तिथे बघून उमगलं. आमच्याकडे असे नियम यावेत का? आप्पा म्हणाले, आधी भाव येऊ दे. मला तेही पटतं.

आंजेच्या दक्षिणेला लेयों नावाची छोटी नदी आहे, तिथलं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथे शेनिनवर करडी बुरशी यावी म्हणून वाट बघतात. सकाळी नदीवरून धुकं, दुपारी ऊन. बुरशी सालीला बारीक भोकं पाडते, पाणी उडून जातं, साखर आत दाटते. मग जसजसे मणी तयार होतील तसतसे त्याच ओळीतून पुन्हा पुन्हा फिरून हाताने तोडतात. त्याची गोड वाइन वर्षानुवर्षं टिकते. आम्ही गेलो तेव्हा सुरुवातच होती. एका घडावर अर्धे मणी सोनेरी, अर्धे जांभळट राखाडी, सुरकुतलेले, वर मखमलीसारखी लव. आप्पांचा हात आपोआप खिशाकडे गेला, फवारणीवाल्याला फोन करायचा तसा. तात्या म्हणाले, "हा घड आपल्या बागेत दिसला असता तर मला रात्रभर झोप नसती." बाग दाखवणाऱ्या बाईंनी एक सुरकुतलेला मणी तोडून त्यांच्या हातावर ठेवला. तो त्यांनी खाल्ला, कारण ते द्राक्ष होतं, दारू नव्हती. मग दुसरा मागितला.

सांसेरबद्दल मी कमी लिहितेय, कारण तिथे आम्ही प्रवासाने थकलेलो होतो आणि पाऊस लागला. टेकडीवरचं गाव सुरेख. गारगोटीच्या रानातली सॉव्हिन्यॉ आणि चुनखडीच्या रानातली सॉव्हिन्यॉ शेजारी शेजारी ठेवून चाखवली, फरक मलाही कळला. मुंबईहून रात्रीच्या विमानाने गेलात तर पहिल्या दिवशी एकही भेट ठेवू नका. झोपा.

परत येताना बाटल्यांचा हिशेब मी आधीच करून ठेवला होता. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते. म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या आणि अर्ध्या लिटरची एक, बरोबर दोन लिटर. लेयोंची गोड वाइन अर्ध्या लिटरच्या बाटलीत मिळते, ती या हिशेबात चपखल बसते. चौघांच्या मिळून आठ लिटर झाल्या. दिराने तात्यांच्या नावचे दोन लिटर वापरायचा विषय काढला. तात्यांनी गळ्यातल्या माळेला हात लावला, विषय संपला.

आप्पांच्या डोक्यात वेगळंच होतं. वूव्रेच्या त्या बागेतून चार काड्या मोज्यात गुंडाळून न्याव्यात, असं त्यांनी मला बाजूला घेऊन दोनदा सुचवलं. मी ठाम नाही म्हटलं. परदेशातून रोपाची काडी आणायला आयात परवाना आणि तिकडचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, आणल्यावर विलगीकरणात ठेवावी लागते. हे नियम उगाच नाहीत. अमेरिकेतून आलेल्या एका बारीक किडीने, फायलोक्सेराने, एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या होत्या, तेव्हापासून तिकडे वेलीचं कलम अमेरिकी खुंटावर बांधतात. आपण डॉगरिजवर बांधतो तोही अमेरिकेकडचाच खुंट. आप्पा म्हणाले, "काडी नको तर नको, माती तरी?" मातीही नाही.

मग तात्यांनी सोमूरच्या एका शेती अवजारांच्या दुकानात छाटणीच्या कात्र्या घेतल्या. लाल मुठीच्या, हातात फिरणाऱ्या. स्वतःला एक, मुलाला एक, आणि मग विचार करून छाटणीच्या टोळीतल्या प्रत्येकासाठी एकेक. त्या सामानात टाकायच्या, हातातल्या पिशवीत नाही, हे मी तीनदा सांगितलं. मुंबईला कस्टमच्या यंत्रात ती बॅग अडकली. अधिकाऱ्याने उघडली, कागदात गुंडाळलेल्या कात्र्या एकेक करून टेबलावर मांडल्या आणि तात्यांच्या टोपीकडे बघितलं.

"कुठून आलात?"

"वाइनच्या दौऱ्यावरून," तात्या म्हणाले.

"बाटल्या?"

"नाहीत. सोमवारपासून छाटणी आहे."